राहू दे तो दिवा!

वसुबारसेच्या संध्याकाळी माळ्यावरून आकाशकंदील खाली येतो, वर्षभराच्या धुळीवर फडके फिरते आणि आमचे चिरंजीव स्टुलावर चढून तो गॅलरीत टांगतात. त्या घटकेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या डोंबिवलीच्या घरात एक दिवा रात्रभर जळतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलत नाही. एरवीचे अकरा महिने मात्र घरात एकच कायदा: खोलीत माणूस नसेल तर दिवा नको. या कायद्याची अंमलबजावणी माझ्या आईकडे आहे. तिला आता चौऱ्याऐंशीवे लागले. कानांनी थोडे कमी येते, पण रिकाम्या खोलीत जळणारा दिवा तिला बंद दाराआडूनही कळतो.

वाचकहो, तुमच्याही घरी असे एखादे माणूस असेलच. त्याला हसू नका. आपली मध्यमवर्गीयांची घरे बरीचशी अशा बंद केलेल्या बटणांवरच उभी राहिली आहेत.

पण गेल्या वर्षी या कायद्याने दगा दिला. आश्विनातलीच गोष्ट. रात्री अकरा वाजता मी मधल्या पॅसेजमधला दिवा मुद्दाम चालू ठेवून झोपलो. आईने सव्वाअकराला उठून तो बंद केला. तीनच्या सुमारास ती बाथरूमला जायला निघाली आणि अंधारात उंबरठ्याला अडखळली. आवाज ऐकून आम्ही धावलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि डावा हात उजव्या हातात धरून म्हणत होती, "काही नाही रे, झोपा तुम्ही." मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या दिवाळीत करंज्यांना मुरड घालायला तिचा हात नव्हता; ती पाटावर बसून नुसती सूचना देत होती आणि आमच्या सौभाग्यवती डोळे पुसत करंज्या वळत होत्या.

डॉक्टरांनी प्लॅस्टर घालता घालता सांगितले, "गोळ्या मी देतोच. पण त्याआधी घरात रात्रीचा दिवा लावा."

दिवा लावायचा म्हणजे काय? दुकानात जायचे आणि दिवा आणायचा, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी चार तास लावायचा दिवा आणि रोज दहा तास जळत ठेवायचा दिवा यांत फरक असतो, हे कळायला मला वर्ष लागले. ते वर्ष कसे गेले, ते तुमच्या कामी यावे म्हणून सांगतो.

पहिला मान माळ्यावर सापडलेल्या हिरव्या झिरोच्या बल्बाला मिळाला. आईची त्याला ताबडतोब मंजुरी, कारण नावच झिरो! "त्याला मीटर फिरत नाही," ती म्हणाली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची हीच श्रद्धा आहे. मला मात्र एका रविवारी खुमखुमी आली. फ्रिज, पंखे, सगळे बंद केले, फक्त झिरोचा बल्ब चालू ठेवला आणि हातात घड्याळ घेऊन मीटरपुढे उभा राहिलो. हल्लीच्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो आणि किती लुकलुकींचे एक युनिट, तेही तिथेच छापलेले असते. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा आहे. एक लुकलुक आणि दुसरी लुकलुक यांत गेले ७५ सेकंद. म्हणजे तासाला ४८ लुकलुकी; ४८ ला ३२०० ने भागा, तासाला ०.०१५ युनिट. म्हणजेच १५ वॅट! झिरो म्हणवणारा हा गृहस्थ रोज दहा तास जळाला तर महिन्याला साडेचार युनिट खातो. कोणत्याही दिव्याची चौकशी तुम्हाला अशीच करता येईल; खर्च काही नाही, फक्त मंडळींना पंधरा मिनिटे पंख्याविना बसवावे लागते.

पण खरी तक्रार विजेची नव्हती. हा बल्ब जुन्या, तारेच्या जातीचा. तारेच्या बल्बात विजेच्या शंभर भागांतले जेमतेम पाचेक भाग उजेड होतात, बाकीची सारी उष्णता. मी त्यावर प्लॅस्टिकची एक छोटी शेड बसवली होती. महिन्याभरात ती वरच्या अंगाला तपकिरी पडली आणि एका बाजूने मेणासारखी वाकली. चार तासांत जे बाधत नाही ते दहा तासांत बाधते. आणि त्या दहा तासांत आपण सगळे झोपलेले असतो, ही त्यातली गोम. झिरो निवृत्त झाला.

दुसरा आला नऊ वॅटचा एलईडी. पॅसेजच्या छताला पूर्वीपासून काचेचा एक बंद डोम आहे, खाली रबराचे कडे असलेला, किडामुंगी आत जाऊ नये म्हणून. त्यात मी तो बसवला. उजेड काय सांगावा! पॅसेजमध्ये बसून पंचांग वाचावे असा, पांढराशुभ्र. पहिल्याच रात्री आईने आपल्या खोलीचे दार लावून घेतले, कारण तो उजेड थेट तिच्या डोळ्यांवर येत होता. म्हणजे पॅसेजमध्ये लख्ख दुपार आणि आईच्या खोलीत पुन्हा काळोख! सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दिवा पॅसेजसाठी आणलाय की आईंसाठी?"

या पांढऱ्या उजेडाचे मूळ निळ्या एलईडीत आहे. निळी एलईडी साधली म्हणून घरोघरचे पांढरे दिवे शक्य झाले आणि त्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध मोठा, यात शंका नाही. पण निळसर उजेड डोळ्यांत गेला की मेंदूला दिवस उजाडल्यासारखे वाटते आणि गेलेली झोप लवकर परत येत नाही. वेष्टनावर के अक्षरापुढे एक आकडा असतो, तो पाहावा. ६५०० म्हणजे दुपारचा पांढरा उजेड. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर. रात्रभराच्या दिव्याला पिवळाच बरा.

हा नऊ वॅटचा दिवाही टिकला नाही. वेष्टनावर पंचवीस हजार तास लिहिले होते. रोज दहा तास म्हणजे अडीच हजार रात्री, जवळजवळ सात वर्षे, असा हिशेब मी मोठ्या तोऱ्यात घरात ऐकवला होता. माघ संपायच्या आत दिवा लुकलुकू लागला आणि फाल्गुनात गेला. मी दिव्याच्या नावाने बोटे मोडत वायरमनला बोलावले. त्याने डोम उतरवला, बल्बाच्या मानेला बोट लावले आणि म्हणाला, "साहेब, दिव्याचा दोष नाही. तुम्ही त्याला बरणीत घालून झाकण लावलंत."

मग त्याने जे समजावले ते असे. एलईडी पुढून थंड वाटते, कारण तिची उष्णता उजेडाबरोबर पुढे जात नाही. ती मागे मानेकडे जाते. त्याच मानेत विजेचा दाब उतरवणारी चिमुकली यंत्रणा बसलेली असते. या यंत्रणेतले कपॅसिटर उष्णतेला फार हळवे. उष्णता दहा अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा इंजिनियर लोकांचा ठोकताळा आहे. उघड्या होल्डरमध्ये भोवतालची हवा ती उष्णता घेऊन जाते. बंद डोममध्ये तीच हवा रात्रभर तापत राहते. अशा वेष्टनांवर पुष्कळदा बारीक अक्षरांत छापलेलेही असते की बंद शेडमध्ये वापरू नये. मी चष्मा लावून पाहिले. छापलेले होते.

त्या पंचवीस हजार तासांचाही अर्थ नीट समजून घ्यावा. तेवढे तास झाल्यावर दिवा विझतो असे नव्हे. बहुधा त्याचा अर्थ असा की तोवर उजेड मूळच्या शंभरातून सत्तरापर्यंत उतरतो. आणि तोच दिवा चोवीस तास जळत ठेवला तर पंचवीस हजार तास तीन वर्षेही पुरत नाहीत. सोसायटीच्या जिन्यातले दिवे सारखे का जातात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. तिथेही तसेच बंद डोम आहेत.

तिसरा प्रयोग चिरंजीवांचा. त्यांनी सेन्सरचा दिवा आणला: माणूस आले की पेटतो, गेले की विझतो. विजेची बचत, बटणाची कटकट नाही. आईला मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. "मी उठले की कोणीतरी जागं होऊन माझ्याकडे बघतंय, असं वाटतं," ती म्हणे. आम्ही हसलो. पण एका रात्री ती पॅसेजमध्ये मध्येच थांबली, भिंतीला हात टेकून जरा दम घ्यायला. ती हलेना, म्हणून सेन्सरला वाटले माणूस गेले, आणि दिवा मालवला. भर पॅसेजमध्ये काळोखात ती उभी. "अरे, कोणी आहे का?" ही तिची हाक ऐकून आम्हा तिघांचेही हसू संपले. जिन्यात किंवा कपाटात सेन्सरचा दिवा गुणी आहे. पण जे माणूस सावकाश चालते, मध्येच थांबते, त्याच्यासाठी तो नव्हे.

शेवटी मी एका शनिवारी लोहार चाळीत गेलो. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची ती गल्ली म्हणजे दिव्यांचे माहेरघरच. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, जो मी वर्षभर स्वतःला विचारला नव्हता: "किती तास जळणार आणि कशासाठी?" मी म्हटले, दहा तास, पाऊल कुठे पडते ते दिसावे एवढ्यासाठी. "मग उजेड पावलाशी पाहिजे, छताला कशाला?" असे म्हणून त्याने अर्ध्या वॅटचे फूटलाईट पुढे ठेवले. स्विचबोर्डाच्या चौकटीत भिंतीतच बसतात, उजेड पिवळसर आणि सगळा खाली जमिनीवर. आम्ही तीन घेतले: एक आईच्या पलंगाशी, एक पॅसेजच्या वळणावर, एक बाथरूमच्या उंबरठ्याजवळ. जमिनीपासून फूटभर उंच. पलंगावर पडल्यावर दिवा दिसत नाही, फक्त उजेडाचा एक पट्टा फरशीवर दिसतो आणि उंबरठ्याची कड स्पष्ट कळते.

तेव्हा रात्रभराचा दिवा घेताना काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. उजेड कामापुरताच, मिणमिणता असावा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी आगीच्या बंबांच्या ठाण्यात एक बल्ब १९०१ पासून जळतो आहे. त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण हेच, की तो आता अवघ्या चारेक वॅटच्या तेजाने मंद तेवतो. दिव्याच्या मानेभोवती हवा खेळती असावी. वर पडदा, कागद, प्लॅस्टिक काही नसावे. प्लगात खोचायचा दिवा घेतलात तर कोणीतरी तो काढून तिथे मोबाईल लावणार, हे धरूनच चाला. म्हणून भिंतीत पक्का बसवलेला बरा. बेकलाईटचे जुने होल्डर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात; नवा दिवा जुन्या होल्डरमध्ये लावण्याआधी होल्डर पाहून घ्यावा. आणि एलईडी बल्बाच्या वेष्टनावर भारतीय मानक ब्यूरोचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहावे. रस्त्यावर ढिगाने मिळणारा बिननावाचा दिवा तासाभराच्या कामाला ठीक. आपण झोपेत असताना त्याच्यावर घर सोपवू नये.

इतके सारे झाले आणि मी निश्चिंत झोपलो. सकाळी पाहतो तो तिन्ही दिवे बंद! सव्वाअकराची गस्त झाली होती.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, बटणच काढून टाकू. थेट जोडू." वायरमन तयार होता. माझेच मन होईना. या घरातला एकेक रुपया जिने बटणे बंद करून वाचवला, तिला बंद करता येऊ नये असा दिवा तिच्याच घरात लावायचा? बटण राहिले. मी कागद-पेन्सिल घेऊन आईपुढे बसलो.

"हे बघ आई, तीन दिवे मिळून दीड वॅट. रोज दहा तास जळले तर एक युनिट व्हायला सदुसष्ट रात्री लागतात. वर्षाकाठी साडेपाच युनिट. तुझा झिरो महिन्याला साडेचार खात होता."

तिने कागद नीट पाहिला. हिशेबात ती अजून माझ्यापेक्षा पक्की आहे. "हिशेब बरोबर आहे रे," ती म्हणाली, "पण माझ्या एकटीसाठी रात्रभर दिवा?"

तेव्हा कुठे मला उमगले की वर्षभर मी दिवेच बदलत होतो. अडचण दिव्यात नव्हती. गिरगावच्या चाळीत एका बल्बाखाली आमचा तिघा भावंडांचा अभ्यास, वडिलांचे वर्तमानपत्र आणि तिचे निवडणे-टिपणे चालायचे. दिवा हा चारचौघांचा. एकट्या माणसासाठी दिवा जाळणे ही तिच्या लेखी चैन. आणि स्वतःसाठी चैन तिने कधी केली नाही.

मी म्हटले, "कोकणात तुमच्याकडे रात्री कंदील विझवत होते का?"

"छे! वात बारीक करून पडवीत ठेवायचे. विझवून कसं चालेल? विंचूकाटा असतो, पोर उठतं, गोठ्यात गाय हंबरते."

"आणि कंदिलाच्या खालच्या भोकांत काजळी बसली तर?"

"गुदमरतो. काच काळी होते. दर दोन दिवसांनी मी स्वतः पुसत असे."

म्हणजे पाहा वाचकहो! वात बारीक, हवा खेळती, दिवा पावलांच्या जवळ. लोहार चाळीत जाऊन मी जे शिकून आलो, ते आईला दहाव्या वर्षीच ठाऊक होते. मी विचारले असते तर ते तिने सांगितले असते. पण बाहेरून दिवे आणून आणून तिला दाखवण्यापलीकडे मी काही केले नव्हते.

"मग तो कंदील कोणासाठी असे?" मी विचारले.

"कोणासाठी म्हणजे? घरासाठी."

"हाही घरासाठीच आहे. मलाही रात्री दोनदा उठावं लागतं, आई. एकसष्ट झालं मला. परवा मीही त्याच उंबरठ्याला ठेचकाळलो."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी तिच्यापासून लपवलेली गोष्ट होती ती; वयाची चाहूल मुलगा आईला सांगत नाही.

"कधीपासून?"

"झाले सहा-सात महिने."

"साखर तपासलीस?"

"तपासतो."

"उद्याच्या उद्या तपास," ती म्हणाली. मग काठी घेऊन उठली, पॅसेजमध्ये गेली आणि तिन्ही बटणे तिने आपल्या हाताने दाबली. फरशीवर पिवळा पट्टा उमटला. तो जरा वेळ पाहून ती स्वयंपाकघराकडे वळत म्हणाली, "असं आहे होय. मग राहू दे तो दिवा."

तेव्हापासून ते दिवे रात्रभर जळतात. स्वयंपाकघराचा, बैठकीचा, गॅलरीचा दिवा मात्र सव्वाअकराच्या गस्तीत पूर्वीसारखेच जातात. कायदा कायम आहे. त्याला फक्त एक अपवाद जोडला गेला आहे. साखर तपासली. थोडी वाढलेली निघाली, म्हणून यंदा माझ्या वाटणीचे लाडू मोजून येणार आहेत.

यंदा आकाशकंदील कागदाचा, माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला. पूर्वी अशा कंदिलात आम्ही बेधडक चाळीस किंवा साठ वॅटचा तारेचा बल्ब सोडत असू आणि तुळशीच्या लग्नापर्यंत वरचा कागद करपून जाई. त्याने पेट घेतला नाही, हे आमचे नशीब. यंदा चिरंजीवांनी तीन वॅटचा एलईडी लावला आहे. कंदील वायरवर लोंबकळत नाही, वेगळ्या दोरीला टांगला आहे. वायरला मध्ये जोड नाही आणि बल्ब कागदाला कुठे टेकत नाही. मी खाली उभा राहून हे सारे तपासून घेतले आणि मोठ्या समाधानाने म्हटले, "झाले. लावा बटण."

"थांब रे," मागून आई म्हणाली. तिचे मनगट आता बरे आहे. त्याच हाताने तिने वर बोट दाखवले. कागद फाटू नये म्हणून चिरंजीवांनी कंदिलाचे वरचे तोंड पुठ्ठ्याने बंद करून टाकले होते.

"ते वरचं आधी उघडं कर. रात्रभर जळायचंय त्याला."